निःसंशय म्हणण्यापूर्वी



व्याख्यानमालेत मोठमोठे विषय येतात. आमचा आजचा विषय एका शब्दाएवढाच आहे, आणि तोही इंग्रजी. ‘अनडाउटेडली’ हा तो शब्द. मराठीत सांगायचे तर ‘निःसंशय’.

आपणांपैकी पुष्कळांप्रमाणे आम्हीही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजीचे धडे गिरवले. त्या वयात नवा शब्द हाती लागला म्हणजे नवा कोट घालून बाजारात हिंडावे तसा आम्ही तो जिथे तिथे मिरवीत असू. हा शब्द तर लांबलचक आणि भारदस्त. तो वाक्यात घातला की वाक्य आपोआप खरे होते, अशी आमची समजूत होती. ती कशी मोडली ते सांगतो.

शेजारच्या एका शेतकऱ्याचा बांधाचा तंटा होता. अर्ज इंग्रजीत असला म्हणजे साहेबावर वजन पडेल, असे त्याला वाटले आणि आम्हांसही वाटले. तो सांगत गेला, आम्ही लिहीत गेलो. तो म्हणाला, “बांधावरली बाभळ आमच्या आज्ज्यानं लावली, असं वडील सांगायचे.” आम्ही लिहिले, ‘बाभळ याच्या आजोबांनी लावली, अनडाउटेडली.’ ‘वडील सांगायचे’ हे शब्द आम्हांस गावंढळ वाटले, म्हणून गाळले.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी त्या शब्दावर बोट ठेवले. “झाड लावताना तुम्ही पाहिलेत काय?” तो म्हणाला, “न्हाई साहेब, वडील सांगायचे.” “मग निःसंशय कशावरून?” तो गप्प उभा राहिला. मागल्या नांगरटीत बांध कोरला गेला, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते आणि अर्जात पुढे तेही लिहिले होते. परंतु आता त्या खऱ्या गोष्टीवरही साहेबांचा विश्वास बसेना. निकाल विरुद्ध गेला. परत येताना तो एवढेच म्हणाला, “मास्तर, मी तर ‘वडील सांगायचे’ असंच म्हणलो हुतो.” ते वाक्य आम्ही अद्याप विसरलो नाही.

पुढे कायद्याची पुस्तके चाळली तेव्हा कळले, की आम्ही जे गाळले तेच कायद्याला हवे असते. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे दाव्याच्या कैफियतीखाली सत्यापन करताना कोणता मजकूर स्वतःच्या माहितीचा आणि कोणता दुसऱ्याकडून कळलेला व खरा मानलेला, हे वेगवेगळे लिहावे लागते. आणखी एक गंमत पाहा. न्यायालयसुद्धा परिपूर्ण खात्री मागत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याने सांगितले, की शहाण्या माणसाने जिच्यावर विसंबून वागावे इतकी जी गोष्ट संभवनीय, ती शाबीत समजावी. त्या कायद्याची जागा 1 जुलै 2024 पासून नव्या साक्ष अधिनियमाने घेतली. ही कसोटी मात्र कायम राहिली.

हवामान खात्याचेच घ्या. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या मुलखाला ते सांगणे नको. खात्याच्या इंग्रजी पत्रकात ‘लाइकली’ असते, तेव्हा त्याचा अर्थ 25 ते 50 टक्के संभव. ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे 50 ते 75. आणि ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे 75 च्या वर. तेव्हा नुसते ‘लाइकली’ वाचून ज्याने “पाऊस नक्की” म्हणून बी मातीत घातले, त्याने खात्याचे नव्हे, आपल्या इच्छेचे ऐकले. जागतिक हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने ‘जवळजवळ निश्चित’ हा शब्द 99 टक्क्यांच्या वरच्या गोष्टींसाठी राखून ठेवला आहे. एवढे शास्त्रज्ञ एक टक्का मागे ठेवतात, आणि आम्ही एका अर्जात तोही शिल्लक ठेवला नाही!

शब्दांच्या कुळाकडे पाहिले तर हेच दिसते. ‘डाउट’ लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी ‘दोन’ आहेत. आपणही ‘मन द्विधा झाले’ म्हणतोच. ‘सर्टन’ हाही लॅटिनमधला. त्याच्या मुळाशी चाळणे, निवडणे ही क्रिया आहे. आणि आपली ‘खातरजमा’? खातर म्हणजे मन, जमा म्हणजे गोळा झालेले. दोन ठिकाणी विखुरलेले मन चाळून, पाखडून एका जागी आले, म्हणजे खातरजमा झाली. आधी उफणणी, मग रास. आम्ही उफणल्यावाचूनच रास मोजायला बसलो होतो.

हा शब्द वापरण्याची आणखी एक खोड आहे. “अमका निःसंशय चांगला माणूस आहे,” असे कुणी म्हटले की ऐकणारा पुढच्या ‘पण’ची वाट पाहतो. इंग्रजीतही तसेच घडते. ज्या गोष्टीविषयी कुणाला शंकाच नाही, तिला हा शब्द लागत नाही. सूर्य निःसंशय पूर्वेला उगवतो, असे कोण म्हणतो? बाजारात बोरे विकणारा “एक नंबर माल, शंभर टक्के” म्हणून ओरडला, तरी जाणते गिऱ्हाईक पोत्याच्या तळाशी हात घालते.

तरुण मित्रांनो, हा शब्द टाका असे आम्ही म्हणत नाही. इंग्रजी शिका, चांगली शिका. परंतु तो शब्द लिहिण्यापूर्वी पोत्यात एकदा हात घाला. हे मी पाहिले आहे काय? कुणी सांगितले आहे काय? की माझे अनुमान आहे? पाहिले असेल तर ‘पाहिले’ लिहा. ऐकले असेल तर ‘वडील सांगायचे’ लिहा. त्यात कमीपणा काही नाही. एवढे चाळूनही जे उरेल, त्याच्यापुढे ‘अनडाउटेडली’ खुशाल लिहा. तेव्हा तो शब्द नव्या कोटासारखा नुसता दिसणार नाही. साहेबाच्या प्रश्नापुढे तुमच्या पाठीशी उभा राहील.

आमच्या त्या शेजाऱ्याला इंग्रजी येत नव्हते. पण आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे त्याला आमच्यापेक्षा बरे ठाऊक होते.