सर्वांचे स्वागत आहे!

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी दुसऱ्या कुणाला शिव्या घालायच्या आधी स्वतःचं थोबाड फोडून घेणार आहे. कारण ज्या भिंतीबद्दल मी बोलणार, ती भिंत मीच बांधली. विटा माझ्या, मजुरी माझी. बिलही पास झालं.

मी कॉम्प्युटरवर मजुरी करतो. आपल्यातली बरीच पोरं करतात. ठेकेदार काम आणतो, आपण रात्रभर कीबोर्ड बडवतो, नाव ठेकेदाराचं लागतं. तीनेक वर्षांपूर्वी एका महापालिकेच्या पर्यटनाच्या वेबसाईटचं काम असंच आलं. लेणी, किल्ला, तलाव, बाग, शहर दर्शनाची बस. साहेब म्हणाले, एकदम झकास पाहिजे. मी झकास केली. पान उघडलं की फोटो सरकायचे, माऊस नेला की मेनू उलगडायचा. उद्घाटनाला हार, नारळ, पेढे. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: सर्वांचे स्वागत आहे!

आमच्या गल्लीत माझा एक दोस्त राहतो. जन्मापासून आंधळा. दृष्टिहीन, दिव्यांग असं काही म्हटलं की चिडतो. म्हणतो, "आंधळाच म्हण, निदान लोकांना समजतं तरी." एका कचेरीत टेलिफोनवर बसतो आणि कॉम्प्युटर माझ्यापेक्षा जोरात चालवतो. त्याच्या मशीनवर एनव्हीडीए आहे. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं हे सॉफ्टवेअर. स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करननं ते लिहायला घेतलं, पुढं जेम्स तेह जोडीला आला. दोघेही आंधळे. बाजारातली असली सॉफ्टवेअरं गरिबाच्या खिशापलीकडची, म्हणून त्यांनी आपलं जगाला फुकट दिलं.

दोस्ताची आई भाजी विकते. चाळीस वर्षं या शहरात काढली, पण मावशींनी लेणी पाहिली नव्हती. हा म्हणाला, आई, या रविवारी तुला नेतो. रात्री त्यानं माझी साईट उघडली. कानात काय आलं? "ग्राफिक, आयएमजी ४०३२. लिंक, अधिक वाचा. लिंक, अधिक वाचा. लिंक, अधिक वाचा." कशाबद्दल अधिक वाचायचं, पत्ता नाही. कसाबसा बसचा थांबा आणि वेळ सापडली. तिकीट काढायला गेला, तर वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाईप करा, आपण माणूस असल्याचा पुरावा द्या! डोळ्यांनीच द्यायचा पुरावा. बोलून दाखवायची सोय मी ठेवलीच नव्हती. आंधळा माणूस त्या पानाच्या हिशेबी माणूसच नाही.

मग म्हणाला, तिकीट तिथंच काढू. रविवारी मायलेक सकाळपासून दोन तास थांब्यावर उभे. बस आलीच नाही. थांबा बदलला होता. तशी सूचना साईटवर होती, पण ती सहीशिक्क्याच्या कागदाचा फोटो होती. स्क्रीन रीडर फोटोतली अक्षरं आपणहून वाचत नाही. मावशींचा रविवारचा धंदा बुडाला. वर लोकांनी सांगितलं, "अहो, वेबसाईटवर होतं की!"

संध्याकाळी दोस्त माझ्याकडं आला. "ती साईट तू बनवलीस ना?" मी मान हलवली, मग लक्षात आलं याला दिसत नाही. तोंडानं "हो" म्हणावं लागलं. तो म्हणाला, "माऊस बाजूला ठेव. पडदा बंद कर. आता चालव तुझी साईट."

पाच मिनिटांत मला घाम फुटला. नुसत्या कीबोर्डनं मेनू उघडेना. मराठी पानांवर भाषा इंग्रजी अशी खूण मी करून ठेवलेली, त्यामुळं मशीन माझी मायबोली गोऱ्या साहेबासारखी वाचत होतं. काही मजकूर जुन्या फॉंटमधून चिकटवलेला, युनिकोडमध्ये नाही. डोळ्याला मराठी, कानाला नुसता कचरा. माझ्याच घरात मी चाचपडत होतो.

आता दुरुस्ती ऐका. प्रत्येक फोटोमागं दोन ओळी लिहायच्या. "किल्ल्याचा दरवाजा, पुढं उंच दगडी पायऱ्या, कठडा नाही." सूचना फोटोत टाकायची नाही, मजकुरात लिहायची. मथळ्याला मथळ्याची खूण द्यायची, म्हणजे एच हे बटण दाबून मथळ्यावरून मथळ्यावर जाता येतं. मराठी युनिकोडमध्ये, भाषेची खूण मराठी. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात निदान ४.५ ला १ एवढा फरक, म्हणजे कमी दिसणाऱ्यालाही वाचता येईल. व्हिडिओखाली मजकूर, बहिऱ्यांसाठी. सगळं काही कीबोर्डनं चाललं पाहिजे, कारण हात थरथरणाऱ्याला माऊस धरवत नाही. यात कुठं आलं रॉकेट? हे जागतिक निकष १९९९ पासून छापलेले आहेत. आम्हाला ते कुणी शिकवले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

आणि खरी माहिती द्या! कुबडीवाल्याला "निसर्गरम्य" हा शब्द काय कामाचा? त्याला सांगा पायऱ्या किती, उतार कुठं, संडासाच्या दारातून चाकाची खुर्ची आत जाते का. घारापुरीला शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात, रायगडावर रोपवे आहे. एवढं एक वाक्य वाचून माणूस घरी बसून ठरवतो, जायचं की नाही. ते वाक्य नसेल तर तो घरीच बसतो.

हे सगळं घेऊन मी साहेबांकडं गेलो. साहेब हसले. "अरे, आंधळे-पांगळे पर्यटनाला येतात कुठं?" मित्रांनो, दार बंद ठेवायचं आणि वर विचारायचं, कुणी आत का येत नाही! २०११ च्या जनगणनेत या देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. ते काय कुणी बघण्यासारखं बघूच नये?

मग साहेबांनी तोडगा काढला. कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेलं एक विकतचं बटण बसवा, काम फत्ते. त्या बटणानं अक्षर मोठं होतं, रंग बदलतो, पण फोटोतली सूचना फोटोतच राहते. २०२५ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगानं असलं बटण विकणाऱ्या एका कंपनीला खोट्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडं मात्र त्या बटणाचं उद्घाटन होतं.

कायदा नाही असं नाही. १९९५ चा होता, त्याच्या जागी २०१६ चा आला. सरकारी वेबसाईटींसाठी नियमावली २००९ पासून आहे, २०२३ ला तिची तिसरी आवृत्ती निघाली. पण शिफारस म्हणजे करा नाहीतर नका करू. राजीव रतुरी या दृष्टिहीन माणसानं २००५ साली सुप्रीम कोर्टात अर्ज केला. ८ नोव्हेंबर २०२४ ला कोर्टानं म्हटलं की नुसत्या शिफारशी चालणार नाहीत, सक्तीचे नियम करा. एकोणीस वर्षं! ३० एप्रिल २०२५ ला त्याच कोर्टानं सांगितलं, डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

कागदावर उघडं आणि हकीकतीत बंद, हा प्रकार आपल्याला नवा नाही. १९२३ साली मुंबई कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असा बोले ठराव झाला. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी १९२७ साली बाबासाहेबांना तिथं जाऊन ओंजळ भरावी लागली. ज्यांना हे ठाऊक आहे, त्यांच्याच हातानं आज दुसऱ्यासाठी बंद दारं बनताहेत, याची मला लाज वाटते. म्हणून इथं उभा आहे.

तर काय करायचं? प्रत्येकानं आपल्या पालिकेची साईट माऊसशिवाय चालवून बघा. जिथं अडाल ते तारखेनिशी लिहून काढा. माहितीच्या अधिकारात विचारा, की ठेक्यात सुगम्यतेची अट होती का, तपासणी कुणी केली, बिल कशावर पास केलं. अपंगांसाठी राखून ठेवायचा ५ टक्के निधी कुठं गेला, तेही विचारा. उत्तर नाही आलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं तक्रार टाका. आणि तपासणीला अपंग माणसं बसवा, मजुरी देऊन. त्यांचं ज्ञान फुकट ओरबाडायचं नाही. आपल्यातले जे कोड लिहितात त्यांनी एवढं ठरवा, की आंधळ्या माणसानं चालवून बघितल्याशिवाय काम पुरं झालं म्हणायचं नाही.

मी रात्री बसून त्या साईटवरच्या सूचना मजकुरात आणल्या. पैसे मिळाले नाहीत, मागितलेही नाहीत. ते माझं देणं होतं. तिकिटाच्या पानाला हात लावायची परवानगी अजून मिळालेली नाही. मावशींनी लेणी अजून पाहिलेली नाहीत.

पुढच्या सोमवारी अर्ज घेऊन आम्ही पालिकेत जातोय. दोस्त पुढं असेल, मी मागं. कोण कोण येतंय?