राग आला तर येऊ द्या



माझे वडील गेले त्याच्या चौथ्या दिवशी आईच्या हाती त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पट्टी लागली. दहांतल्या आठ गोळ्या तशाच होत्या. आईनं ती पट्टी भिंतीवर भिरकावली आणि फोटोकडे बघत ओरडली, "रोज सांगत होते ना? ऐकलंत कधी?" घर पाहुण्यांनी भरलेलं. कुणीतरी तिला आवरायला गेलं, "गेलेल्या माणसाला असं बोलू नये, वहिनी." तेवढ्यात आत्या पुढे आली. वडिलांची थोरली बहीण. म्हणाली, "बोलू दे तिला. माझा सख्खा भाऊ होता. मलाही त्याचा रागच आलाय." चार दिवस कोरड्या डोळ्यांनी बसलेली आई तेव्हा पहिल्यांदा रडली.

माणूस गेल्यावर रडू येणार, हे सगळे धरून चालतात. राग येईल, हे कुणी सांगून ठेवत नाही. तो डॉक्टरांवर येतो, उशिरा पोचलेल्या भावावर येतो, देवावर येतो, गेलेल्या माणसावरही येतो. आणि 'मीच आधी दवाखान्यात न्यायला हवं होतं' असं म्हणत आपण तो स्वतःवरही काढतो.

मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1969 साली एक पुस्तक लिहिलं. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार अशा पाच अवस्था त्यांनी त्यात मांडल्या. लोकांनी त्यांचा जिना केला. प्रत्यक्षात दुःख असं पायरी-पायरीनं उतरत नाही. निवळलेला राग वर्षश्राद्धाला पुन्हा उसळतो. म्हणून आपण मागे गेलो, असं समजू नका.

आपल्याकडे तर देवाशीही भांडायची मोकळीक आहे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. त्यांच्या अभंगांत विठ्ठलाशी कडकडून भांडण आहे. जनाबाईंनी तर त्याला शिव्याही दिल्या. वारकऱ्यांनी ते अभंग लपवून ठेवले नाहीत, आजही टाळ-मृदंगाच्या साथीनं गातात. जिथं हक्क असतो तिथंच माणूस रागावतो. राग हे मायेचंच दुसरं तोंड आहे.

मात्र राग येणं वेगळं आणि तो दुसऱ्यावर काढणं वेगळं. तेराव्याच्या पंगतीत निघालेली भांडणं पुढं वीस-वीस वर्षं चालतात. म्हणून वाटण्या, घर विकणं, कुणाशी संबंध तोडणं, हे निर्णय त्या दिवसांत नकोत. ज्याच्यापाशी मन मोकळं करता येईल असं एक माणूस शोधा. ते नसेल तर वहीत लिहा, शेताच्या बांधावर जाऊन मोठ्यानं बोला. मुलांसमोर राग निघालाच, तर नंतर त्यांना जवळ घेऊन सांगा, "हा राग तुझ्यावर नव्हता."

आणि भेटायला जाणाऱ्यांनो, "धीर धरा, ईश्वरेच्छा" एवढंच म्हणून उठू नका. पिठलं-भाताचा डबा न्या आणि समोरचं माणूस बोलेल ते ऐकून घ्या. तेरा दिवस घरात माणसं मावत नाहीत, चौदाव्या दिवशी घर खायला उठतं. त्या चौदाव्या दिवशी जा.

महिने उलटूनही झोप नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, असं झालं तर वाट पाहू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य चालू असतो. तिथं मराठीतून बोलता येतं.

ती गोळ्यांची पट्टी आईनं नंतर स्वतःच उचलली आणि देवघराच्या खणात ठेवली. अजून तिथंच आहे. तुमच्या घरात कुणी असं रागावलं, तर त्याला गप्प करू नका. आत्यासारखं म्हणा, "बोलू दे."