मोत्या कशाने गेला?

(वर्षावासातील एका रविवारी वंदनेनंतर विहारात केलेले भाषण. बोलले तसेच ठेवले आहे.)



समितीने मला विषय दिला होता 'पशुपालन आणि आजचा तरुण'. मी तो बदलला आहे. अध्यक्षांनी राग मानू नये. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३१ वर्षे काढली, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्यावर मी केव्हाही तासभर बोलू शकतो. पण आज मला एका कुत्र्याच्या पिलाविषयी बोलायचे आहे. तुम्ही सगळे त्याला ओळखत होता. मोत्या. विहाराच्या मागच्या जिन्याखाली जन्मला आणि महिन्याभरापूर्वी, रविवारी पहाटे मेला.

आता कोणी म्हणेल, धम्माच्या व्यासपीठावरून कुत्र्याच्या पिलाचे काय सांगता? समोर बसलेल्यांपैकी काहींनी पोटचे मूल गमावले आहे, हे मला माहीत आहे. त्यांच्यापुढे बोलताना मला संकोच वाटतो. मी तुलना करीत नाही. पण गेल्या महिन्याभरात या पिलापायी आपल्या गल्लीत जे जे झाले, ते उघडपणे बोलल्याशिवाय मला झोप लागणार नाही, म्हणून उभा राहिलो.

मोत्या अडीच महिन्यांचा होता. दिवसा साऱ्या गल्लीचा आणि रात्री आमच्या घरी, माझ्या नातवाच्या खाटेखाली, पोत्यावर. शनिवारी संध्याकाळी तो मुलांबरोबर धावला. रात्री दूध-भाकरी खाल्ली. उलटी नाही, जुलाब नाही, कण्हणे नाही. पहाटे पाच वाजता मी पाणी भरायला उठलो तेव्हा तो ताठ झाला होता. मी हिरड्या पाहिल्या, पांढऱ्या होत्या. पण मेलेल्या जनावराच्या हिरड्या पांढऱ्याच असतात, त्यावरून काही कळत नाही. अंगावर खूण नाही. तोंडाला फेस नाही.

सात वाजेपर्यंत ओट्यावर माणसे जमली. सगळ्यांनी मलाच विचारले, तुमचा जन्म जनावरांत गेला, सांगा, कशाने मेला? मी म्हणालो, मला माहीत नाही. हे उत्तर कोणालाच पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. माणसाला मरणापेक्षा 'माहीत नाही' हे जास्त जड जाते असे मला त्या दिवशी वाटले. मग ज्याने त्याने आपापल्या परीने ती रिकामी जागा भरली.

एक म्हणाली, नजर लागली, फार गोंडस होता. दुपारी दोन घरांत मुलांवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या गेल्या. कोणाच्या घरात ते मी सांगत नाही, त्यांनी हसून खाली पाहिले आहे तेवढे पुरे. बायांनो, किसा गोतमीकडे तथागतांनी मोहरी मागितली ती कशासाठी, आणि आपण चुलीत टाकतो ती कशासाठी! दुसरे एक जाणते गृहस्थ म्हणाले, तुमच्या घरावर काहीतरी येणार होते, ते मुक्या जिवाने स्वतःवर घेतले. ऐकायला किती गोड वाटते. पण माझ्या नातवाने ते ऐकले आणि रात्री मला विचारले, "आजोबा, म्हणजे तो माझ्या ऐवजी मेला का?" तिसरीतले पोर. ज्यांनी ते म्हटले त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण दिलासा म्हणून दिलेले खोटे कारण पोराच्या उशाशी कसे जाऊन बसते ते मी पाहिले.

आता मी जे शिकलो आहे तेवढे सांगतो. लहान पिलू असे एका रात्रीत जाण्याची कारणे पुष्कळ आहेत. पार्व्हो नावाचा विषाणू आहे. तो १९७८ साली ओळखला गेला आणि एक-दोन वर्षांत जगभर पसरला. एरवी त्याने उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात, पण अगदी कोवळ्या वयात लागण झाली तर तो हृदयाच्या स्नायूवर जातो आणि खेळते-हसते पिलू काही न दाखवता पडते. काही पिलांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात येते. तिच्या चाव्याची खूण शोधूनही सापडत नाही. पोटातले आकडेकृमी आईच्या दुधातून पिलात जातात आणि आतून रक्त पितात. यातले मोत्याला काय झाले? ते पोट-छाती उघडून पाहिल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही. शवविच्छेदनाची सोय पशुवैद्यकीय महाविद्यालयात असते, मुंबईला परळला आहे, नागपूरला आहे. त्यासाठी शव बर्फात ठेवून त्याच दिवशी न्यावे लागते. गोठवायचे नसते, गोठले की आतले नीट दिसत नाही. हे मला पाठ होते. आणि मी काय केले? आठ वाजायच्या आत खड्डा खणून, चुना टाकून त्याला पुरून मोकळा झालो, कारण पोरांचे रडणे मला बघवत नव्हते.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पिलाला लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करायची, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यायची, सोळा आठवडे होईपर्यंत. एका डोसाने भागत नाही, कारण आईच्या दुधातून आलेले संरक्षण पिलात शिल्लक असेतो लस नीट लागू पडत नाही, आणि ते नेमके कधी संपते ते प्रत्येक पिलात वेगळे. गावोगाव मी हे सांगत फिरलो. स्वतःच्या घरात मात्र "पाऊस थांबू दे, मग नेऊ" म्हणत तीन रविवार घालवले. लस दिली असती तर वाचला असता का? तेही माहीत नाही. पण तीन रविवार गेले हे खरे आहे, आणि ते माझ्या नावावर आहेत.

त्या दिवशी एकच काम मी नीट केले. ते सगळ्यांनी लक्षात ठेवावे म्हणून मध्येच सांगतो. आपल्याकडे कारण न कळता कुत्र्याचे पिलू मेले की पिसाळ धरूनच चालायचे. मोत्याला पिसाळ असेल असे मला वाटत नव्हते, पण वाटण्यावर पोरांचे जीव सोडायचे नसतात. ज्यांना त्याचे दात लागले, नखे ओरबाडली, खरचटलेल्या जागी ज्यांना त्याने चाटले, अशी पाच मुले निघाली. "नुसते खेळताना दात लागले हो" असे त्यांच्या आया म्हणाल्या. जखमा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतल्या आणि सगळ्यांना सरकारी दवाखान्यात नेले. इंजेक्शन तिथे फुकट मिळते. पहिले त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, दंडावर. रक्त निघाले असेल तर जखमेत सीरमही द्यावे लागते. पोटात चौदा सुया हा जमाना गेला, ती भीती मनातून काढा. पिसाळाची लक्षणे माणसात एकदा दिसली की उपाय जवळजवळ नाहीच. पाचही मुलांचे शेवटचे इंजेक्शन झाले.

आता नातवाचे सांगतो. घरात दुसऱ्या दिवशी सूनबाई त्याला म्हणाली, मोत्याला गावाला पाठवला. मी तिला बाजूला घेऊन म्हटले, बाई, त्याने हाताने त्याला उचलून पाहिला आहे, गार लागला त्याला. तिनेही ऐकले. पण पोर काही बोलेना. शाळेतून यायचे आणि जिन्याखाली जाऊन बसायचे. अकराव्या दिवशी मी जवळ जाऊन बसलो, काही विचारले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मी त्याला चॉकलेट दिलं होतं." शनिवारी वर्गातल्या कोणाचा वाढदिवस होता, त्यातला नखाएवढा तुकडा. कुत्र्याला चॉकलेट विषारी असते हे त्याने कुठेतरी ऐकले होते. अकरा दिवस ते पोर स्वतःला खुनी समजून वावरत होते आणि आम्ही मोठी माणसे नजर आणि संकट यांच्या गप्पा मारीत होतो!

त्याला मी म्हटले, हे बघ, मोत्या कशाने मेला ते आजोबांना सांगता येत नाही. पण कशाने मेला नाही ते सांगता येते. चॉकलेट कुत्र्याला द्यायचे नाही, हे खरे. पण दुधाच्या चॉकलेटच्या एवढ्याशा तुकड्याने एवढे पिलू मरत नाही. त्याला पुष्कळ जास्त लागते, आणि मग आधी उलट्या होतात, तडफड होते. तसे काही झाले नव्हते. त्याने दोनदा विचारले, "नक्की?" मी दोनदा सांगितले, नक्की. मग तो जो रडला, तो आतापर्यंत रडलाच नव्हता हे मला तेव्हा कळले.

वर्षावासात आपण बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. त्यात किसा गोतमीची हकिकत आहे. आपण ती मोहरीसाठी लक्षात ठेवतो. मला या वेळी त्यातली दुसरीच जागा थांबवून गेली. तिचे बाळ साप चावून गेले, म्हणजे कारण माहीत होते. तरी तिला पटेना. चाव्याची ती एवढीशी तांबडी खूण, तेवढ्याने आपले बाळ मरेल हे तिला खरे वाटेना, आणि ती औषध मागत दारोदार फिरली. म्हणजे कारण कळले असते तरी आपले भागले नसते! मी मोत्याला परळला नेले असते, तिथल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले असते, तरी जिन्याखालचे पोते रिकामेच राहिले असते. कारण शोधावे, जरूर शोधावे, पुढच्या पिलासाठी त्याचा उपयोग होतो. ज्यांना नवे पिलू आणायचे असेल त्यांनी घाई करू नये. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, फिनेलने मरत नाही, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने फरशी धुवावी लागते. पिलाच्या लशी पूर्ण झाल्याशिवाय त्याला जिन्याखाली सोडू नये. पण रडणे थांबवायला कारण कामी येत नाही.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो.

त्या सकाळी कोणीतरी म्हणाले की आपल्याच गल्लीतल्या एका गृहस्थांनी शनिवारी रात्री मोरीजवळ उंदराचे औषध ठेवले होते. झाले. त्यांच्या दारात जाऊन आरडाओरडा झाला. त्यांच्या बायकोला मुलांनी काय काय म्हटले ते इथे सांगण्यासारखे नाही. ते औषध म्हणजे बाजारात मिळते ती वडी. तिच्याने रक्त गोठणे बंद होते. त्याला दिवस लागतात. खाल्ल्या रात्रीच जनावर मरत नाही. पिलाने खाल्लेली दिसली तर लगेच डॉक्टरकडे न्यावे, व्हिटॅमिन के हा त्यावर उतारा आहे, वाचवता येते. काळी पूड असते, झिंक फॉस्फाइड, ती मात्र काही तासांत मारते, पण तिने उलट्या होतात, लसणासारखा वास येतो. मी मोत्याचे तोंड हुंगून पाहिले होते. वास नव्हता. वडी मी स्वतः पाहिली, शनिवारी रात्री नऊला ठेवलेली. पहाटे पाचला मेलेल्या पिलाचा तिच्याशी संबंध असणे शक्य नाही.

हे सगळे मला त्याच क्षणी माहीत होते. मी गर्दीत तिथे उभा होतो. आणि गप्प बसलो. का बसलो? कारण लोक त्यांच्याकडे बघत होते तोपर्यंत माझ्या तीन रविवारांकडे कोणी बघत नव्हते. दुसरे काही कारण नाही. महिनाभर मी स्वतःला सांगत होतो की वातावरण निवळले की बोलू.

ते गृहस्थ तेव्हापासून वंदनेला येत नाहीत. आजही आलेले नाहीत, मी मघाशी सगळीकडे पाहिले. त्यांची मुलगी पलीकडच्या रस्त्याने शाळेत जाते.

भन्तेजींची परवानगी घेऊन मी इथेच थांबतो. चहा झाल्यावर मी त्यांच्या घरी जाणार आहे. नातू बरोबर येतो म्हणाला आहे. त्या दिवशी दारात जे होते त्यांच्यापैकी कोणाला यायचे असेल तर पाठीमागच्या जिन्याजवळ थांबा, आपण मिळूनच जाऊ. जयभीम.