गव्हाणीत उरलं किती?



पशुपोषणाच्या या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल मी ऋणी आहे.  दुभती गाय किती वैरण खाते हे ठरवण्याच्या पद्धतींचा आढावा घ्यावा, अशी संयोजकांची सूचना होती. आढाव्याकडे वळतोच; पण त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे आणि तिच्यासाठी मी या व्यासपीठाची कित्येक वर्षं वाट पाहिली आहे.

आपण गाईपुढे किती टाकलं ते लिहितो आणि त्यालाच तिचा आहार म्हणतो. गव्हाणीत उरलेलं चघळ कुणी तोलत नाही. टाकलेल्यातून उरलेलं वजा केलं की खाल्लेलं मिळतं, इतका साधा हिशेब. पण त्याचा अर्धा भाग आपण सोडून दिला आहे.

टाकलेलं तरी आपण नीट मोजतो का? नोंदवहीत ‘कडबा पाच पेंढ्या, हिरवा चारा एक भारा’ असं लिहिलेलं असतं. पेंढीचं वजन गावागावांत बदलतं. हत्ती गवत पावसाळ्यात कोवळं कापलं तर त्यात शुष्क पदार्थ १५ टक्क्यांच्या आसपास असतो, थोडं जून झालं की २० टक्क्यांवर जातो. म्हणजे तेच ३० किलो गवत एकदा साडेचार किलो शुष्क पदार्थ देतं, एकदा सहा किलो. या दीड किलोच्या तफावतीवर आपण पेंड वाढवतो किंवा तोडतो, आणि खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

सकाळच्या सत्रात खाल्लेलं ठरवायला मार्कर श्रेष्ठ की सूत्र, यावर वाद रंगला. मार्करबद्दल मला आदर आहे. क्रोमिक ऑक्साइड ठरावीक मात्रेत पाजून शेणातल्या त्याच्या प्रमाणावरून एकूण शेण काढायचं, ही जुनी रीत. १९८६ साली मेज, लँब आणि कोलग्रोव्ह यांनी गवताच्या मेणातल्या अल्केन्सची पद्धत मांडली. कुरणात मोकळ्या चरणाऱ्या जनावरांसाठी ती मोलाची आहे. पण क्रोमिक ऑक्साइडच्या रीतीत पचनीयतेचा आकडा वेगळा घ्यावा लागतो. शेणातून रोज पाच किलो शुष्क पदार्थ बाहेर पडत असेल आणि पचनीयता ६० टक्के धरली, तर खाल्लेलं साडेबारा किलो येतं. तीच ६५ टक्के धरली, तर सव्वाचौदा किलोंच्या वर जातं. गाय तीच, शेण तेच!

सूत्राचंही तसंच. वजनाच्या तीन टक्के म्हटलं की ४०० किलोंच्या गाईला १२ किलो शुष्क पदार्थ. हा अंदाज आहे. गाईनं तो वाचलेला नसतो. जबड्याला बांधायचे सेन्सर तिनं किती वेळ चावलं ते सांगतात, किती किलो खाल्लं ते नाही. आणि आपल्या बहुतेक संकरित गाई गोठ्यात बांधलेल्या आहेत. गव्हाण डोळ्यांसमोर असताना शेणातून उलटा शोध कशासाठी?

हा वाद माझ्यापुरता फलटण तालुक्यातल्या एका गोठ्यात मिटला. गाईचं दूध उतरलं होतं. कागदावर आहार पुरेसा होता, म्हणून सल्लागारानं गोळीपेंड वाढवायला सांगितली होती. गव्हाण भरणाऱ्या वहिनी मला म्हणाल्या, ‘‘साहेब, ती पाला खाते अन् ताटं टाकते.’’ आम्ही चघळ गोळा करून तोललं, वाळवून पुन्हा तोललं. टाकलेल्या कडब्याचा मोठा हिस्सा तिथंच पडला होता. ते चघळ पुढे भाकड गाईला जात होतं, म्हणजे तिचाही हिशेब चुकत होता. कडबा कुट्टी करून घालायला लागल्यावर चघळ घटलं आणि दूध सावरलं. पेंड वाढवावी लागली नाही.

इथं एक बारकावा ध्यानात घ्या. चघळ म्हणजे टाकलेल्या वैरणीचाच नमुना नव्हे. त्यात ताटं जास्त, पाला कमी, शिवाय लाळेचा ओलावा. म्हणून त्याचा शुष्क पदार्थ वेगळा काढावा लागतो आणि पृथक्करणही वेगळंच करावं लागतं. एकच नमुना घेऊन दोन्हीकडे वापरणारे अहवाल मी वाचले आहेत आणि ते वाचून मला वाईट वाटलं आहे.

आमच्या उमेदवारीच्या काळात प्रक्षेत्रावर सकाळची पहिली धार काढण्याआधी गव्हाणी झाडून चघळ तोललं जाई. काम कंटाळवाणं, पण शिस्त होती. आज उपकरणं आली आणि ती शिस्त गेली, याची मला खंत आहे.

परिषदेनं पेंढीच्या वजनांची तालुकावार टिपणं जमवावीत, गोठ्यात करता येईल अशी मोजणीची सोपी पद्धत लिहून काढावी, त्यासाठी एक छोटी समिती नेमावी. तपशील कार्यकारिणीनं ठरवावा.

तुम्हा सर्वांना मात्र आजच एक सांगणं आहे. गोठ्यात जाताना ताणकाटा सोबत न्या, गव्हाण भरणाऱ्या बाईला आधी विचारा आणि मगच आहार लिहून द्या. ज्या प्रयोगात चघळाच्या वजनाचा रकाना रिकामा आहे, तो पुढच्या अधिवेशनात वाचायला घेऊ नये, ही माझी परिषदेला विनंती आहे.