चिनी मुलाची इंग्रजीची वही

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



१८९७ साली शांघायमध्ये काही खिळेजुळाऱ्यांनी मिळून एक लहानसा छापखाना काढला. हिशेबाच्या वह्या, पावत्या अशी बाजारातली कामं घ्यायची, एवढाच सुरुवातीचा बेत. म्हणून नावही ‘कमर्शियल प्रेस’. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, त्यांनी इंग्रजी शिकवणारं एक पुस्तक काढलं. ते हातोहात खपलं, आणि हाच छापखाना पुढे चीनमधला एक मोठा प्रकाशक झाला. आपल्या दृष्टीनं गंमत अशी, की त्या पुस्तकातले धडे चीनसाठी लिहिलेलेच नव्हते. इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या शाळकरी मुलांसाठी जी प्राथमिक वाचनमाला तयार केली होती, तिच्यावरून ते घेतलेले होते.

मग शांघायच्या मंडळींनी नवीन काय केलं? श्ये होंगलाय नावाच्या विद्वानानं त्या धड्यांना चिनी भाषांतर आणि टिपा जोडल्या. धडा तोच राहिला, पण शिकणाऱ्याची भाषा त्याच्या शेजारी आणून बसवली. त्यात पुस्तकाचं यश होतं, असं मला वाटतं. इंग्रजी एकच असली तरी तिचा सराव सगळ्यांसाठी एक असू शकत नाही. सराव कुठून सुरू करायचा हे शिकणाऱ्याची मातृभाषा ठरवते. आजच्या विषयात मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि त्यासाठी चिनी मुलाच्या वहीइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

आधी थोडा इतिहास, भरभर. १८५८ च्या तिएनत्सिनच्या तहात इंग्रजांनी कलम घालून घेतलं की मजकुराच्या अर्थाबद्दल वाद झाला तर इंग्रजी मजकूर प्रमाण मानायचा. ज्या भाषेत आपल्यावरच्या अटी लिहिल्या जातात ती आपल्याला यायला हवी, हे पेकिंगच्या दरबाराला कळून चुकलं आणि १८६२ मध्ये तिथे सरकारी भाषाशाळा निघाली. शंभरेक वर्षांत वारं अनेकदा फिरलं. १९५० च्या दशकात शाळांत रशियन आली. सांस्कृतिक क्रांतीत महाविद्यालयांची प्रवेशपरीक्षाच बंद पडली. ती १९७७ च्या हिवाळ्यात पुन्हा झाली तेव्हा ५७ लाख मुलं बसली आणि पावणेतीन लाखांच्या आसपास निवडली गेली. इंग्रजीचे गुण आधी नुसते संदर्भापुरते पाहिले जायचे, मग टप्प्याटप्प्यानं वाढत १९८३ मध्ये पूर्ण धरले गेले. १९८२ मध्ये बीबीसीची ‘फॉलो मी’ ही मालिका चिनी दूरचित्रवाणीवर लागली आणि घरोघरी लोक वही-पेन घेऊन पडद्यासमोर बसले. १९८७ मध्ये महाविद्यालयीन मुलांसाठी देशव्यापी इंग्रजी परीक्षा आली. २००१ मध्ये इंग्रजी तिसरीपासून सुरू करण्याचं धोरण ठरलं. आपण महाराष्ट्रात ती २००० सालापासून पहिलीपासूनच लावली होती, हे इथल्या शिक्षकांना आठवत असेल.

चीनच्या प्रवेशपरीक्षेला ‘गावखाव’ म्हणतात. तिच्यात इंग्रजीला १५० गुण असतात, चिनी आणि गणिताइतकेच. एवढं वजन एका पेपरवर पडलं की सगळा सराव त्या पेपरच्या साच्यात जाऊन बसतो. शब्द वेगळे पाठ करायचे, व्याकरण वेगळं घोटायचं, उतारे वेगळे सोडवायचे. आता ही तीन दालनं एकेक करून उघडू.

पहिलं शब्दांचं. चिनी मुलगा इंग्रजीच्या वर्गात येतो तेव्हा त्याच्यापाशी इंग्रजी शब्दांची शिल्लक जवळजवळ शून्य असते. आपल्या पोराच्या तोंडात शाळेत जाण्यापूर्वीच टेबल, बस, डॉक्टर, तिकीट, पेन्सिल, लाईट असे शेकडो शब्द असतात. इंग्रजी न येणारी आजीसुद्धा ‘मोबाईलला रेंज नाही’ असं म्हणते. चिनी भाषेनं बाहेरची वस्तू घेतली, पण तिचं नाव बहुतेक वेळा आपल्याच धातूंतून घडवलं. त्यामुळे आपल्याकडे जे फुकट मिळतं, ते त्या मुलाला कष्टानं कमवावं लागतं. शालेय अभ्यासातल्या साडेतीन हजार शब्दांची यादी तिथे प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरात असते.

यादी पाठ करण्याची सवय त्याला नवी नसते. प्राथमिक शाळा संपेपर्यंत चिनी मुलाला सुमारे तीन हजार चित्राक्षरं ओळखता यावी लागतात आणि त्यांतली अडीच हजार लिहिता यावी लागतात. एकच अक्षर चौकटीच्या वहीत पुन्हा पुन्हा गिरवणं हा त्याचा रोजचा व्यायाम. इंग्रजी शब्दही तो तसेच गिरवतो. वर्णानुक्रमानं छापलेल्या शब्दसंग्रहांची गत अशी व्हायची, की ‘ए’ची पानं बोटांनी काळी पडलेली आणि ‘एम’च्या पुढची पानं कोरी करकरीत. प्रकाशकांनी यावर उपाय काढला: क्रम मोडून, शब्द पिसून छापलेली आवृत्ती. आता तेच काम मोबाईलवरची ॲपं करतात. विसरायच्या बेतात असलेला शब्द ती नेमकी पुन्हा समोर आणतात. हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्ये विस्मरणाचा जो आलेख मांडला, त्याच्यावर चीनमधल्या कोट्यवधी मुलांची सकाळ चालते म्हणा ना.

यात चुकीचं काही नाही. अडचण वेगळी आहे. यादीत प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर एकच चिनी अर्थ असतो. आता दार उघडणं, दिवा लावणं, गाडी चालवणं आणि सभा भरवणं, या चारही कामांना चिनीत एकच क्रियापद चालतं. इंग्रजीत चार लागतात. यादीत पाठ केलेलं असतं ‘ओपन’. म्हणून मुलगा खोलीत शिरताना म्हणतो, ‘ओपन द लाईट.’ आपल्याला हसू येतं. पण भूक लागते, ठेच लागते, आग लागते आणि नोकरीही लागते, हे इंग्रजीत सांगताना आपलीही त्रेधा उडतेच. तेव्हा चिनी मुलाच्या सरावात सुटा शब्द कमी आणि शब्दाची जोडी जास्त हवी: दिव्याबरोबर कोणतं क्रियापद, सभेबरोबर कोणतं. आणि त्या जोड्या निवडायच्या त्या चिनी भाषा जिथे घसरवते तिथूनच.

दुसरं दालन व्याकरणाचं. एक नमुना बघा. चिनी मुलगा भरभर बोलताना म्हणतो, ‘माय मदर वर्क इन हॉस्पिटल. यस्टरडे ही बाय टू बुक.’ दोन छोट्या वाक्यांत पाच चुका. वर्गात लाल पेन फिरतं आणि मुलाला निष्काळजी म्हटलं जातं. पण यांतली एकही चूक निष्काळजीपणाची नाही. ‘वर्क्स’मधला ‘स’ गेला, कारण चिनी क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. हॉस्पिटलच्या आधीचा ‘अ’ गेला, कारण त्या भाषेत असलं उपपदच नाही. आईला ‘ही’ म्हटलं, कारण चिनीत तो, ती आणि ते या तिघांचा उच्चार एकच. लिहिताना अक्षरं वेगळी, कानाला फरक नाही. ‘बॉट’चं ‘बाय’ झालं, कारण ‘काल’ हा शब्द आल्यावर क्रियापदाला काळ दाखवायची तिथे गरज उरत नाही. आणि ‘टू’ म्हटल्यावर ‘बुक’ला अनेकवचन कशाला? दोन म्हणजे अनेकच की!

याच पाच चुका मराठी मुलाच्या तोंडी घालून बघा. तो आईला ‘ही’ म्हणणार नाही; तो-ती त्याच्या रक्तात आहे. काल ‘बाय’ म्हणणार नाही. गेलो, जातो, जाईन यांनी त्याला काळाची सवय लावलेली आहे. पण ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांच्यापाशी तो हमखास अडखळेल, कारण उपपद आपल्याकडेही नाही. म्हणजे चिनी मुलाला काळाची शंभर वाक्यं लागतील तर आपल्या मुलाला वीस पुरतील. दोघांच्या हातात एकच बाजारी व्याकरणाचं पुस्तक देणं म्हणजे ताप कुणालाही येवो, गोळी तीच.

काही ठिकाणी मात्र आपण आणि चिनी एकाच बाकावर बसतो. ‘जरी पाऊस पडत होता तरी आम्ही गेलो’ असं आपण म्हणतो. चिनीतही अशीच जोडी आहे. म्हणून इंग्रजीत दोघंही ‘ऑलदो’ म्हणून झाल्यावर मध्येच ‘बट’ घालतात. ‘जेवला नाहीस का?’ असं विचारल्यावर मराठी माणूस म्हणतो, ‘हो, नाही जेवलो.’ चिनी माणूसही आधी होकार भरतो. इंग्रज मात्र तिथे ‘नो’च म्हणणार.

गावखावच्या पेपरात अनेक वर्षं एक प्रश्न असायचा. दहा चुका पेरलेला छोटा उतारा द्यायचा आणि प्रत्येक ठिकाणी एक शब्द घालून, काढून किंवा बदलून तो दुरुस्त करायचा. चुका अंदाजानं पेरलेल्या नसत. काळ, वचन, उपपद, जोडशब्द, अशा चिनी मुलांच्या नेहमीच्याच असत. हा प्रश्न मला फार आवडतो. परीक्षकानं आपल्या मुलांच्या वह्या वाचल्याशिवाय तो काढता येत नाही.

तिसरं दालन वाचनाचं, आणि खरी कसोटी इथेच आहे. पाठ केलेला शब्द आणि घोटलेला नियम उताऱ्यात एकत्र आले की मुलाचं तंत्र कोसळतं. तिकडच्या मुलांच्या बोलण्यात ‘लांब-अवघड वाक्य’ असा एक प्रकारच आहे. निव्वळ अशा वाक्यांच्या सरावाची पुस्तकं दुकानात मिळतात. नमुन्याला एक वाक्य घेऊ: ‘द बुक दॅट द टीचर हू केम यस्टरडे गेव्ह मी इज ऑन द टेबल.’ शब्द सगळे पाचवीचे. पण मध्यावर ‘यस्टरडे गेव्ह मी इज’ असा ढीग लागतो आणि मुलगा थांबतो. टेबलावर कोण, पुस्तक की शिक्षक?

चिनी शिक्षक त्याला कंस घालायला शिकवतो. आधी लहान कंस: ‘हू केम यस्टरडे’. तो झाकायचा. मग मोठा: ‘दॅट द टीचर’ पासून ‘गेव्ह मी’ पर्यंत. तोही झाकायचा. उरतं काय? ‘द बुक इज ऑन द टेबल.’ सांगाडा हाती आला. आता झाकलेलं एकेक उघडायचं आणि ते कुणाला चिकटलंय ते बघायचं.

हे त्याला इतकं अवघड का जातं? कारण चिनीत हेच सगळं नामाच्या आधी येतं. तिथे वाक्य साधारण असं चालतं: काल आलेल्या शिक्षकांनी मला दिलेलं पुस्तक टेबलावर आहे. बघा, मी मराठी वाक्य सांगितलं आणि चिनी रचनाही तुम्हाला कळली! क्रियापदाची जागा थोडी इकडेतिकडे, पण घडण तीच: आधी सगळी विशेषणं, मग नाम. इंग्रजी नाम आधी फेकते आणि त्याचा पसारा मागून ओढत आणते. म्हणजे कंसाची ही युक्ती सोलापूरच्या किंवा सावंतवाडीच्या वर्गातही तितकीच उपयोगी पडावी. ती आपण वापरतो का? आपल्याकडे उतारा म्हणजे खालच्या प्रश्नातला शब्द वर शोधायचा आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं.

अर्थात चीनमध्येही सगळं आलबेल नाही. वर्षानुवर्षं उतारे सोडवून तोंड न उघडणाऱ्या मुलांच्या इंग्रजीला तिथले लोकच ‘मुकी इंग्रजी’ म्हणतात. बागेत जमून इंग्रजी बोलायचे ‘इंग्लिश कॉर्नर’, मैदानात हजारो लोकांनी ओरडून वाक्यं म्हणायची ली यांग यांची ‘क्रेझी इंग्लिश’, हे सगळे त्या मुकेपणावरचे उतारे. शिकवण्यांचा धंदा इतका फोफावला, की २०२१ मध्ये सरकारनं शालेय विषयांच्या खासगी क्लासेसवर कडक निर्बंध आणले. परीक्षाही बदलते आहे. नव्या प्रश्नपत्रिकांत चुका दुरुस्तीच्या जागी एक अर्धवट गोष्ट देतात. ती वाचायची आणि पुढे आपण लिहायची, २५ गुणांसाठी. शब्द, व्याकरण आणि वाचन ही तीन दालनं मध्ये भिंती घालून वेगळी ठेवता येत नाहीत, हे यात आलंच.

आता आपल्याविषयी दोन शब्द. मातृभाषेतून इंग्रजीकडे जाण्याची वाट महाराष्ट्राला अनोळखी नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीचं व्याकरण मांडलं. चीनमध्ये मा च्येनचुंग यांचा पाश्चात्त्य धर्तीवरचा चिनी व्याकरणाचा ग्रंथ निघायला १८९८ साल उजाडलं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर आपल्या पिढ्या वाढल्या. मराठी वाक्य समोर ठेवायचं, ते इंग्रजीत न्यायचं, पुन्हा परत आणायचं. पुढे आपल्याला त्या पाठमालेची लाज वाटू लागली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकावी, वर्गात मराठीचा शब्द नको, असं वारं आलं. भाषा जास्तीत जास्त कानावर पडावी हा त्यातला भाग मलाही मान्य आहे. पण चूक ज्या भाषेतून येते तीच वर्गाबाहेर उभी केली, तर चूक दुरुस्त करायची कशी?

म्हणून इथे बसलेल्या शिक्षकांना माझी एक व्यवहारी सूचना आहे. या वर्षी मुलांच्या वह्या तपासताना शेजारी एक कोरी वही ठेवा. लाल खूण केली की ते वाक्य त्या वहीत उतरवा आणि पुढे लिहा, मराठीत हे आपण कसं म्हणतो. दिवाळीपर्यंत वही अर्धी भरेल आणि तुमच्या लक्षात येईल की वर्गातल्या साठ मुलांच्या चुका साठ प्रकारच्या नाहीत. पंधरा-वीसच आहेत आणि त्याच फिरून येताहेत. तुमच्या वर्गाचं सरावपुस्तक त्या पंधरा-वीस चुकांतून तयार होईल. ते बाजारात विकत मिळणार नाही आणि चीनमधून आणूनही चालणार नाही. श्ये होंगलाय यांनी आपल्याकडचे धडे घेतले, पण टिपा आपल्या मुलांकडे बघून लिहिल्या. आपल्या मुलांसाठीच्या टिपा आपणच लिहायला हव्यात.