ग्लासातली सासू

आज एका शब्दाची गोष्ट सांगते. शब्द आहे बिअरचा, पण त्यात आपणही आहोत.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या गुत्त्यांत दोन बिअर एकाच ग्लासात मिसळून प्यायची पद्धत होती. एक 'ओल्ड', म्हणजे पिंपात मुरवलेली जुनी बिअर. दुसरी 'बिटर', म्हणजे कडवट. या मिश्रणाला पिणाऱ्यांनी नाव ठेवलं 'मदर-इन-लॉ', सासू! का? तर ती जुनी आणि कडू. झाला विनोद.

हसू येतं ना? मलाही आलं. पण ही बिअर पूर्वी करत कोण होतं, ते ऐका.

मध्ययुगात इंग्लंडमध्ये 'एल' नावाची साधी बिअर घरोघरी बायकाच करायच्या. ती लवकर आंबट व्हायची, म्हणून थोडी थोडी आणि वरचेवर करावी लागे. घरापुरती ठेवून उरलेली त्या विकत. दारावर काठी लावली, की गावाला कळे, ताजी एल तयार आहे. अशा बाईला म्हणत 'ब्रूस्टर'.

पुढे साधारण पंधराव्या शतकात हॉप नावाच्या वेलीची फुलं घातलेली बिअर तिथे रुजू लागली. या फुलांनी बिअर कडू होते, पण टिकतेही. टिकणारा माल लांब पाठवता येतो. मग मोठी भांडी आली, मोठं भांडवल लागलं. ते बायकांच्या हाती कुठलं? धंदा हळूहळू पुरुषांकडे गेला. 'ब्रूस्टर' उरलं ते मुख्यतः आडनावात.

अशीच गत 'स्पिन्स्टर' या शब्दाची. मूळ अर्थ सूत कातणारी. पुढे अर्थ झाला, लग्न न झालेली बाई. हातातलं काम शब्दातून निघून गेलं, मागे राहिलं फक्त लग्न झालं की नाही, एवढंच.

म्हणजे बघा, जिनं बिअर केली तिचं नाव पुसलं गेलं, आणि ग्लासात बाई उरली ती कडू सासू म्हणून.

आपल्याकडेही सासूवरचे विनोद रोज फिरतात. आपणच ते पुढे पाठवतो. पण चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. आजची सून उद्याची सासूच ना? तेव्हा पुढचा विनोद पाठवण्याआधी सासूबाईंना एकदा विचारा, त्यांच्या हातात कोणतं काम होतं, आणि त्याचं नाव कुणाला मिळालं.