निमंत्रण कुणापर्यंत पोचतं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

आजच्या सत्राचा विषय 'संगणक परिषदेचा प्रचार आणि तिची वेबसाइट' असा आहे. तो वाचून काहीजणींच्या कपाळाला आठी पडली असेल. आपल्यापुढे रेशनचे, पोटगीचे, मारहाणीचे प्रश्न असताना संगणकवाल्यांनी आपल्या संमेलनाची जाहिरात कशी करावी, याच्याशी आपलं काय देणंघेणं? पण गेली काही वर्षं मी अशा परिषदांच्या वेबसाइटची मांडणी करण्याचं काम स्वयंसेवक म्हणून करते आहे. या कामात मला जे दिसलं, ते आपल्या चळवळीच्या उपयोगाचं आहे असं मला वाटतं. 'सर्वांचे स्वागत आहे' असं दारावर लिहिल्याने दार उघडत नाही. बोलावणाऱ्यांनी घेतलेल्या लहानलहान निर्णयांवर कोण आत येणार हे ठरतं. ते निर्णय बदलले की चित्रही बदलतं, आणि याचा आकड्यांसकट पुरावा या क्षेत्रात आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. संगणकाला काम सांगण्यासाठी ज्या भाषा वापरतात, त्यांतली एक 'पायथन'. नेदरलँड्सच्या गीदो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली लोकांसमोर आणली. ही भाषा फुकट मिळते. ती कुणीही वापरावी, तिच्यातल्या चुका दुरुस्त कराव्यात, तिच्यात भर घालावी. जगभरची माणसं हे काम करतात, आणि त्यातली बरीचशी विनामोबदला करतात. या मंडळींची परिषद भरते, तिला 'पायकॉन' म्हणतात. अमेरिकेतली पहिली पायकॉन २००३ साली वॉशिंग्टनला भरली. भारतातली पहिली २००९ साली बंगलोरला झाली आणि २०११ ची आपल्या पुण्यात झाली.

अशा परिषदेत नवं शिकायला मिळतं. नोकरी देणारे आणि मागणारे एकमेकांना भेटतात. जी व्यक्ती व्यासपीठावरून बोलते तिचं नाव होतं, आणि पुढची कामं तिच्याकडे चालत येतात. म्हणजे ही ज्ञानाच्या, पैशाच्या आणि प्रतिष्ठेच्या वाटपाची जागा आहे. वाटपाची जागा म्हटली की 'कुणाच्या वाट्याला किती?' हा प्रश्न आपण विचारणारच.

त्याचं उत्तर असं. अमेरिकेतल्या पायकॉनमध्ये २०११ साली झालेल्या व्याख्यानांपैकी बायकांनी दिलेली व्याख्यानं होती १ टक्का. शंभरात एक! कुठेही 'स्त्रियांना प्रवेश नाही' अशी पाटी नव्हती. कुणीही अर्ज करू शकत होतं. सगळं खुलं होतं, आणि बायका नव्हत्या.

अशा वेळी दिली जाणारी कारणं आपल्या चांगल्याच परिचयाची आहेत. 'बायकांना यात रसच नसतो.' 'आम्ही गुणवत्ता पाहतो, स्त्री-पुरुष पाहत नाही.' 'अर्जच येत नाहीत, आम्ही काय करणार?' ग्रामपंचायतीपासून साहित्य संमेलनापर्यंत हीच वाक्यं आपण ऐकलेली आहेत. रस नसण्याचं म्हणाल, तर अमेरिकेत १९४६ साली जगासमोर आलेल्या 'एनियाक' या प्रचंड संगणकाचं प्रोग्रामिंग करणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या. ग्रेस हॉपर यांच्या कामाच्या पायावर 'कोबोल' ही भाषा उभी राहिली, आणि पुढे कित्येक वर्षं बँकांचे व सरकारांचे हिशेब त्या भाषेत चालले. बाई या कामात होतीच. काम प्रतिष्ठेचं आणि पैशाचं होत गेलं, तशी ती मागे ढकलली गेली. शेतात अवजार बदलून ट्रॅक्टर आला की तो कुणाच्या हातात जातो, हे आपण पाहतोच.

आता पुढचे आकडे ऐका. २०१३ साली बायकांची व्याख्यानं १५ टक्के झाली. २०१४ साली ३३ टक्के. २०१६ साली ४० टक्के. परिषदेच्या वतीने हे काम पाहणाऱ्या जेसिका मॅकेलर यांनी हा हिशेब जाहीर केला. पाच वर्षांत एकावरून चाळीस! या पाच वर्षांत बायकांना अचानक गणित येऊ लागलं असं काही झालेलं नाही. बोलावण्याची पद्धत बदलली.

आपल्याकडे लग्नपत्रिकेच्या तळाशी एक ओळ असते : 'हेच आमंत्रण समजावे.' ज्यांच्या घरी जाऊन अक्षत दिलेली असते, त्यांना ती ओळ वाचावी लागत नाही. ती ओळ बाकीच्यांसाठी असते. हळदीकुंकवाचंही तसंच. सगळ्या आळीत बोलावणं जातं आणि विधवेच्या दारावरून पुढे निघून जातं. तिला 'येऊ नका' असं कुणी म्हणत नाही, फक्त बोलावत नाहीत. या न बोलावण्याला अन्याय म्हणायला आपल्या चळवळीने शिकवलं. संगणकाच्या जगातल्या बायकांनी तेच केलं.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे एकेकीला गाठून बोलावलं. 'व्याख्यानांसाठी प्रस्ताव मागवत आहोत' अशी नुसती घोषणा केली की ज्यांना आधीपासून आत्मविश्वास आहे तेच पुढे येतात. म्हणून मॅकेलर आणि इतरांनी बायकांना व्यक्तिशः पत्रं लिहिली : तुम्ही हे काम करता, त्यावर बोला. 'मला कुठे एवढं येतं?' हा प्रश्न तिथल्या बायकांनाही पडतोच. प्रस्ताव कसा लिहायचा यासाठी मदत देऊ केली. २०११ साली लॉस एंजेलिसमध्ये 'पायलेडीज' हा पायथन वापरणाऱ्या बायकांचा गट सुरू झाला, आणि मग ठिकठिकाणी त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यातही निघाली. २०१४ साली बर्लिनमध्ये युरोपातल्या पायथन परिषदेच्या वेळी ओला सिटार्स्का आणि ओला सेंडेका या दोघींनी 'जँगो गर्ल्स' नावाचं शिबिर घेतलं. कधीही प्रोग्रामिंग न केलेल्या बायकांनी तिथे आपली स्वतःची वेबसाइट तयार केली. एकटीला परक्या सभागृहात जाणं जड जातं, चौघीजणी मिळून गेलं की जमतं. बचतगटाचं काम करणारीला हे मी वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट निवडीची. बर्लिनमध्येच त्या काळी भरणाऱ्या, जावास्क्रिप्ट या दुसऱ्या एका भाषेच्या परिषदेने २०१२ साली आलेले प्रस्ताव नावं झाकून वाचले, आणि त्याआधी बायकांना मुद्दाम प्रस्ताव पाठवायला सांगितलं. त्या वर्षी चारांत एक वक्ता स्त्री होती. गुणवत्तेचा मुद्दा काढणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे. उलट त्याच्या पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये रुबी भाषेची परिषद भरायची होती. तिच्या वक्त्यांच्या यादीत सगळे पुरुषच आहेत अशी टीका झाली. त्यानंतर पैसे देणाऱ्यांबद्दल अनिश्चितता निर्माण झाली आणि आयोजकांनी परिषदच रद्द केली. मला ते मुळीच आवडलं नाही. परिषद बंद पडण्यात बायकांचं काय भलं? यादी सुधारायला वेळ काढायला हवा होता.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत एका वक्त्याने तांत्रिक विषय समजावताना बायकांची उत्तान चित्रं पडद्यावर दाखवली. सभागृहातल्या थोड्याशा बायकांना काय वाटलं असेल? आक्षेप घेणाऱ्यांना 'विनोद कळत नाही' असं ऐकवण्यात आलं. हेही आपल्याला नवं नाही. त्याच वर्षी सेरा अ‍ॅलन आणि सेरा मे या दोघींनी तिथेच बायकांसाठी मोफत शिकवणीवर्ग सुरू केले. पुढे परिषदांना आचारसंहिता असावी अशी मागणी जोर धरू लागली. पायकॉनने २०१२ साली ती स्वीकारली. पायथनचं काम पाहणाऱ्या संस्थेने त्याच वर्षी ठरवलं, की ज्या परिषदेला आचारसंहिता नाही तिला आम्ही पैसे देणार नाही. पैशाची दोरी ओढली की सुधारणेला वेग येतो!

आपल्याकडे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०१३ साली कायदा झाला. पण परिषदेला येणारी माणसं एका मालकाची नोकर नसतात. वक्ता एका कंपनीतला, श्रोती दुसऱ्या गावची, आयोजक स्वयंसेवक. मग तक्रार कुणाकडे करायची? आचारसंहितेने हे आधीच लिहून ठेवायचं असतं : काय चालणार नाही, तक्रार कुणाकडे करायची, त्यानंतर काय होईल.

आता वेबसाइटकडे येते, कारण हे सगळे निर्णय बाईला दिसतात ते तिथेच. परिषदेला यावं की नाही, हे ती घरी बसून, बहुतेक वेळा हातातल्या मोबाइलवर, दहा मिनिटांत ठरवते. तेव्हा तिच्या मनात काय प्रश्न असतात? एकूण खर्च किती? मदत मिळते का? मूल बरोबर आणलं तर चालेल का? कार्यक्रम किती वाजता संपतो, आणि मग परत कशी जाऊ? काही वावगं घडलं तर कुणाला सांगू? पहिल्यांदाच येणारं दुसरं कुणी आहे का? आणि पहिल्या पानावर काय असतं? मोठ्या अक्षरांत परिषदेचं नाव, खाली प्रायोजकांची बोधचिन्हं आणि 'त्वरा करा!' तिच्या प्रश्नांची उत्तरं असलीच तर पाचव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत.

म्हणून मी मांडणी करताना आग्रह धरते, की आचारसंहिता, आर्थिक मदत, पाळणाघर, वेळा आणि जाण्यायेण्याची सोय ही माहिती पहिल्या पानावरून एका टिचकीत मिळाली पाहिजे. तक्रारीसाठी नुसता पत्ता नको, जबाबदार माणसांची नावं हवीत आणि त्यांत बाई हवी. नोंदणीच्या अर्जात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव विचारू नये. कुणाला कोणत्या नावाने हाक मारावी हे तिचं तिने लिहावं. फिकट करड्या पार्श्वभूमीवर फिकट अक्षरं दिसायला नाजूक वाटतात, पण अधू नजरेला वाचता येत नाहीत. चित्राखाली शब्दांत वर्णन नसेल तर अंध मैत्रिणीच्या संगणकाला ते वाचून दाखवता येत नाही. जड चित्रं भरली तर कमी रेंजच्या गावात पान उघडतच नाही. यातल्या कशालाही जास्त पैसे लागत नाहीत. समोर कोण आहे याचा विचार लागतो.

एक इशाराही द्यायला हवा. वेबसाइट सजवायला बाईचा फोटो सगळ्यांना हवा असतो. लॅपटॉप घेऊन हसणारी मुलगी वरती आणि वक्त्यांच्या यादीत एकही बाई नाही, असं मी पाहिलं आहे. हा प्रचार खोटा आहे. तिला फसवून आणाल, तर ती पुढच्या वर्षी येणार नाही आणि आणखी चारजणींना सांगेल. आधी पाळणाघर सुरू करा, मग त्याची जाहिरात करा.

दुसरं, हे काम करतं कोण? मी पाहिलेल्या गटांत वेबसाइटचा मजकूर, पत्रव्यवहार, जेवणाची व्यवस्था आणि नव्या आलेल्यांची विचारपूस बायकांकडे असते. 'तांत्रिक' काम पुरुषांकडे असतं आणि नावही त्यांचंच होतं. घरातली श्रमविभागणी इथे जशीच्या तशी आलेली आहे. बायकांना बोलावून आणण्याचं कामही बायकांनीच फुकट करायचं असेल, तर ज्या वेळात ती स्वतःचं व्याख्यान तयार करू शकली असती तोच वेळ आपण तिच्याकडून काढून घेतो. म्हणून या कामाची नोंद व्हावी, श्रेय मिळावं आणि पुरुषांनीही ते वाटून घ्यावं.

आणि तिसरं. ४० टक्के हा आकडा मोठा आहे, पण त्या बायका कोणत्या? आपल्याकडच्या परिषदांचं कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालतं. तालुक्याच्या कॉलेजात शिकलेली, घरात पहिल्यांदाच पदवी मिळवणारी दलित किंवा आदिवासी मुलगी त्या पानापर्यंत पोचते का? आणि पोचली तर तिला तिथे आपलं कुणी दिसतं का? नुसत्या स्त्री-पुरुष आकड्यावर समाधान मानलं, तर शहरातल्या सवर्ण घरच्या बायका आत येतील आणि दार पुन्हा लागेल.

मैत्रिणींनो, हे सगळं ऐकताना आपल्या मनात आपले मेळावे आले असतील. आपणही पत्रकं छापतो, आता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोही. त्यावर 'सर्व महिलांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे' असं लिहितो. मग धुणीभांडी करणारी बाई दुपारी तीनच्या सभेला येत नाही, अपंग मैत्रीण दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये येत नाही, आणि आपण म्हणतो, 'बोलावलं होतं की!' पुढच्या पत्रकाचा मजकूर ठरवायला बसाल तेव्हा एक काम करा. मागच्या कार्यक्रमाला ज्या आल्या नाहीत त्यांतल्या पाचजणींच्या घरी आधी जा, का आल्या नाहीत ते विचारा, आणि त्यांचं उत्तर ऐकून वेळ, जागा आणि मजकूर ठरवा. पत्रक त्यानंतर छापू.